हार्लनच्या छतावरची घरघर

हार्लन पीटची दाढ रविवारी ठणकायला लागली आणि बुधवार उजाडेपर्यंत त्याच्या डाव्या गालाचा भोपळा झाला. माणूस मुळातला सोशिक. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारांवर राबलेला, दोन बोटं तिथंच ठेवून आलेला, पण त्याची तक्रार कधी कुणी ऐकली नव्हती. आता मात्र तो ट्रेलरच्या पायरीवर गाल धरून बसायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना त्याची दोन कुत्री बसायची. तीही अशी तोंडं पाडून, की बघणाऱ्याला वाटावं, तिघांत मिळून दाढ एकच आहे आणि ती दुखतेय.

"जा रे बाबा त्या दातवाल्याकडे," समोरच्या ट्रेलरमधली लिओटा तीन दिवस म्हणत होती. "तुझ्याकडे बघून माझी कवळी दुखायला लागलीय."

"आणि यांना कुठे ठेवू?"

दर वेळी हेच उत्तर, आणि ते काही निमित्त नव्हतं. जुलै सरत आलेला. नेब्रास्कातल्या त्या तळ्याकाठी सकाळी दहालाच पारा नव्वदीत जायचा आणि दुपारी एकशे चारवर. माणसाच्या अंगात एवढा ताप असता तर घरच्यांनी कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या असत्या. इथं सगळ्या रानालाच ताप चढला होता, पट्ट्या ठेवणार कोण? गाव पस्तीस मैलांवर. दातवाला कुत्र्यांना आत घेत नव्हता, आणि गाडीत ठेवून जाण्याचा विचारही हार्लनच्या मनाला शिवत नव्हता.

कुत्री आर्डिसची, म्हणजे हार्लनच्या बायकोची. आर्डिस जाऊन दोन हिवाळे झाले होते. घर विकलं, भांडीकुंडी पोरींनी वाटून घेतली. उरलं ते एवढंच: हा ट्रेलर, तो ओढणारी गाडी आणि ही दोघं. डचेस बुलडॉग, नऊ वर्षांची, पांढरी, जाडजूड, नाक चेहऱ्यात रुतलेलं. गारव्यातसुद्धा तिचा श्वास लाकडावर करवत चालल्यासारखा चालायचा. पिकल बीगल, अकरा वर्षांचा, कान जमिनीला टेकलेले, आणि डोळे असे की जन्मापासून त्याला कुणीतरी फसवत आलंय.

लिओटा या तळाची राखणदारीण. तळ्याच्या काठी कॉटनवूडच्या झाडांखाली अठरा जागा, उन्हाळाभर लोक आपापली चाकांवरची घरं घेऊन यायचे. त्यांना जागा दाखवायची, लाकडाच्या मोळ्या विकायच्या, शेकोट्यांच्या खळग्यांतली राख उपसायची. त्या बदल्यात तिला आणि तिच्या नवऱ्याला, गेलनला, जागा नि वीज फुकट. बाई सत्तरीची, काटकुळी. आवाज मात्र तीस वर्षं शाळेच्या बसमध्ये पोरं हाकून तयार झालेला. कुत्र्यांना एकटं सोडून जाऊ नये, ही पाटी तिनंच रंगवून फाटकावर ठोकली होती. मागच्या उन्हाळ्यात एक डॉक्टर आपल्या कुत्र्याला गाडीत कोंडून होडीतून फिरायला गेला, तेव्हा लिओटानं शेरीफला बोलावून गाडीची काच फोडायला लावली होती. डॉक्टर परतल्यावर तिनं त्याला जे ऐकवलं, ते पलीकडच्या काठावर मासे धरणाऱ्यांनीही ऐकलं. तेव्हापासून तळावर तिचं नाव अस्वल पडलं. तोंडावर म्हणायची छाती फक्त गेलनची.

त्याच लिओटानं बुधवारी सकाळी कमरेवर हात ठेवून सांगितलं, "दीडची वेळ घेतलीय मी तुझ्यासाठी. कुत्री घरात राहू देत. मी इथंच आहे."

"पाटीचं काय?"

"पाटी मी लिहिलीय. मला ती वाचून दाखवू नकोस."

खरं तर तिनं कुत्र्यांना आपल्याकडेच घेतलं असतं. पण तिच्या ट्रेलरचा एसी सोमवारी जो बसला तो बसलाच. नवा भाग शुक्रवारशिवाय येणार नव्हता. नवरा-बायको दिवसभर झाडाखाली, मानेवर ओले टॉवेल टाकून. त्यापेक्षा कुत्र्यांचं स्वतःचं गार घर बरं.

हार्लननं तयारी अशी केली की जणू पोर पहिल्यांदा शाळेत निघालंय. खिडक्यांना आतून ऊन अडवणारे चंदेरी पडदे लावले. पाण्याचे दोन वाडगे भरले, त्यांत बर्फ टाकला. रेडिओवर बाजारभावांचं स्टेशन लावलं, कारण आर्डिस तेच लावायची. मक्याचे आणि सोयाबीनचे भाव ऐकत दोघं गाढ झोपायची. दारावर बाहेरून चिठ्ठी डकवली: आत कुत्री आहेत, एसी चालू आहे, काळजी नसावी. शेवटी बाहेरच्या विजेच्या खांबापाशी जाऊन त्यानं आपलं राखणीचं यंत्र हात लावून तपासलं. खांब आणि ट्रेलरची वायर यांच्यामध्ये ते बसवलेलं असे. वीज फार चढली किंवा फार पडली की ते ट्रेलरचा पुरवठा तोडून टाकायचं, म्हणजे आतला एसी जळत नसे. तळावर निम्म्या लोकांकडे असलं काही नव्हतं. हार्लन काळजी घेणारा माणूस होता.

"कान ठेवशील ना?" त्यानं सुजलेल्या तोंडानं विचारलं.

"तू येईपर्यंत तुझ्या छतावरची घरघर माझ्या कानातून जायची नाही. निघ आता."

ही बढाई नव्हती. अशा तळांवर माणसं एकमेकांच्या कुत्र्यांवर नजर ठेवत नाहीत. दारं बंद, पडदे ओढलेले, दिसणार काय? ती कान ठेवतात. छतावरचा एसी घरघरतोय म्हणजे आत गारवा आहे, आणि गारवा आहे म्हणजे जीव आहे. लिओटाला प्रत्येक छताचा आवाज ठाऊक होता. कुठला शिट्टी घालतो, कुठला खोकतो, कुठला सुरू होताना भांडी आपटल्यासारखा दणका देतो. हार्लनचा एसी जुना, जात्यासारखा: एक फेरा जड, एक फेरा हलका. पहाटे कुणी बाई दळायला बसावी आणि दाणे संपूच नयेत, तसा तो दिवसभर दळत राहायचा.

हार्लन गेला. दाराला कुलूप, चावी त्याच्या खिशात. पिकल दाराशी आडवा झाला असणार, धन्याचा एक मोजा पुढच्या पायांत धरून. तो नेहमी तसाच झोपायचा.

लिओटा खुर्चीत बसून भांडी पुसायची फडकी शिवत होती. वर कॉटनवूडची पानं वारा नसतानाही हलत होती. पिंपळासारखी त्यांची जात, शेजारच्या पानाशी बोलल्याशिवाय राहवत नाही. पलीकडून जातं फिरत होतं. जड, हलका. जड, हलका. तिची सुई त्या तालावर चालायला लागली.

दोनच्या सुमारास बसएवढं मोठं फिरतं घर फाटकातून आत आलं. टेक्सासची पाटी. चालवणारा डॉइल नावाचा गडी, पन्नाशीचा, टोपी हातात घेऊन बोलणारा.

"मॅडम, सावलीची एखादी जागा असेल तर उपकार होतील. गेले तीनशे मैल नुसता तव्यावर भाजलोय."

लिओटानं मनातल्या मनात अठरा जागा फिरून पाहिल्या. सगळ्यांत दाट सावली हार्लनच्या पाठीमागच्या जागेवर. तिनं ती दिली. मागं घेताना हातानं खुणा केल्या, झाडाच्या फांद्या सांभाळायला लावल्या, पाण्याची तोटी दाखवली. डॉइलनं वीज जोडली आणि त्याच्या छतावरचे दोन्ही एसी एकदम सुरू झाले. पाव तासात लिओटा आपल्या खुर्चीत परत. टॉवेल भिजवून मानेवर टाकला, कान लावला. हार्लनच्या बाजूनं घरघर येत होती. तिनं फडकं उचललं.

मधे एकदा तिला वाटलं, आज हा आवाज जरा एकसुरी येतोय. पण एवढ्या उन्हात यंत्रही थकत असेल, असं म्हणून तिनं दोरा तोडला.

गेलन वामकुक्षी घेऊन तीनला उठला. त्याच्या कानांनी दहा वर्षांमागेच राजीनामा दिला होता. ऐकायचं यंत्र होतं, पण घाम आला की ते काढून शर्टाच्या खिशात जायचं. तो चूळ भरून उभा राहिला आणि हार्लनच्या ट्रेलरकडे बघत बसला.

"चिमण्या कुठं गेल्या?" तो म्हणाला.

"कुठल्या चिमण्या?"

"हार्लनच्या कोपऱ्यावरच्या. एसीचं पाणी टपकतं ना तिथं. सकाळपासून अंघोळी चालल्या होत्या त्यांच्या." त्यानं डोळ्यांवर हात धरला. "अगं, ओलच नाहीये लिओ. जमीन वाळलीय."

लिओटानं फडकं खाली ठेवलं. "चालू आहे त्याचा. ऐकू येतोय मला."

"तुला काय ऐकू येतंय ते मला माहीत नाही. पाणी थांबलंय."

ती उठली, आणि चालता चालता तिला कळलं. आवाज ट्रेलरच्या जवळ गेल्यावर मोठा व्हायला हवा होता. तो पाठीमागूनच येत होता, डॉइलच्या छतावरून. त्यात जड-हलका फेरा नव्हता, नुसता सरळ सूर होता. हार्लनचं जातं बंद होतं. रेडिओ बंद होता. खांबावरच्या त्या यंत्राचा लाल दिवा लागलेला होता.

काय झालं असेल ते सांगायला कुणी नको होतं. ऐन दुपारी सगळ्या तळाचे एसी चालू, वीज आधीच पातळ झालेली. त्यात डॉइलचे दोन. दाब पडला, आणि हार्लनच्या राखणदार यंत्रानं एसी वाचवायला वीज तोडली. एसी वाचला होता.

लिओटानं दारावर मूठ आपटली. "पिकल. डचेस."

अनोळखी पाऊल वाजलं तरी सगळं रान डोक्यावर घेणारा पिकल आतून फक्त एकदा कुंईं करून थांबला.

"किती वेळ झाला असेल?" गेलननं विचारलं.

"तो टेक्सासवाला आला तेव्हापासून. तासाच्या आसपास." तिचा आवाज तिलाच परका वाटला. ती पाठीमागं धावली. सत्तराव्या वर्षी माणूस धावतो त्याला धावणं म्हणायचं तर.

"डॉइल, तुझे दोन्ही एसी बंद कर. आत्ता."

"काय झालं मॅडम?"

"तिकडे आत कुत्री आहेत."

डॉइल दोन ढांगांत आत गेला, दोन्ही बंद केले आणि पायातली चप्पल टाकून तसाच अनवाणी बाहेर आला. तापलेल्या खडीवर नाचत नाचत तो हार्लनच्या दारापर्यंत पोचला.

गेलन यंत्राच्या पडद्याकडे बघत होता. "दाब चढतोय. पण हे दोन-तीन मिनिटं थांबल्याशिवाय वीज सोडायचं नाही. सोडलं तरी ही भट्टी निवायला अर्धा तास."

"दार फोडू या," डॉइल म्हणाला.

दार फुटण्यातलं नव्हतं. खिडक्या उंच, चिंचोळ्या. काच फोडली असती तरी त्यातून मांजरच गेलं असतं. गेलन पहार आणायला वळला, आणि तेवढ्यात लिओटाची नजर ट्रेलरच्या पोटाला असलेल्या सामानाच्या कप्प्यावर गेली.

चाकांवरच्या घरांत राहणाऱ्या सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक असते आणि चारचौघांत कुणी ती बोलत नाही. दाराची चावी ज्याची त्याची. पण या खालच्या कप्प्यांची कुलुपं बनवणाऱ्यांनी आळस केलाय. तुझी चावी माझ्या कप्प्याला लागते, माझी तुझ्या. लिओटाच्या कमरेच्या जुडग्यात तिच्या स्वतःच्या कप्प्याची ती बोटाएवढी चावी होती. तिनं ती घातली, फिरवली. कप्पा उघडला.

"लिओ, ते मोळीच्या दोऱ्या नि नळ्यांचं खोपटं आहे. त्यातून काय मिळणार?"

"वर पलंग आहे. आपल्यासारखाच. फळी उचलली की आत." ती सामान बाहेर ओढायला लागली. पाण्याच्या नळ्या, मासे धरायच्या काठ्या, दोन घडीच्या खुर्च्या, एक खोकं. खोक्यावर आर्डिसच्या गोल अक्षरात लिहिलेलं: नाताळचे दिवे, फुटके वेगळे ठेवलेत.

डॉइलनं आत डोकं घालून पाहिलं. त्याचे खांदे कप्प्याच्या तोंडालाच अडले. गेलनचं पोट तर वर्षानुवर्षं जमवलेलं.

"तुला सत्तर झालीत," गेलन म्हणाला.

"मग ढकल लवकर. एकाहत्तर व्हायच्या आत."

ती पोटावर आडवी होऊन आत सरकली. अंधार, धूळ, आणि लोखंड तापल्याचा वास. गुडघा कशावर तरी घासला. गेलननं तळव्यांना हात लावून रेटलं आणि ती पलंगाच्या बरोबर खाली आली. हातभर वर प्लायवूडची फळी. त्या फळीतून तिला ऐकू आलं: करवत. पण लाकूड कापणारी सावकाश करवत नव्हे. तोकडी, घाईची, दात तुटल्यासारखी.

डचेस पलंगावर झोपली होती. पन्नास पौंडांचं धूड, त्याच फळीवर.

लिओटानं पाठ लावून रेटून पाहिलं. फळी इंचभर हलली आणि बसली.

"उतर गं बाई," ती फळीला तोंड लावून म्हणाली. "उतर, माझे आई. अशी माझ्या डोक्यावर बसून राहिलीस तर तुला काढू कशी?"

वर श्वास तसाच. नखंसुद्धा वाजली नाहीत.

"डचेस. खाली. चल, बाहेर जायचं."

काही नाही. घाम तिच्या डोळ्यांत उतरत होता. आणि मग तिला आठवलं, रोज संध्याकाळी सहाला हार्लन पायरीवर उभा राहून काय हाक मारतो ते. तिनं शक्य तेवढा जाड, पुरुषी आवाज काढला.

"चीज," ती म्हणाली. "डचेस, चीज."

क्षणभर करवत थांबली. मग वरचं ओझं हळूहळू कडेला सरकलं आणि जमिनीवर धप्पकन पडल्याचा आवाज आला. मरणाच्या दारातूनही तेवढ्यासाठी वळून बघणारी ती. लिओटानं गुडघे पोटाशी घेतले, पाठ फळीला लावली आणि उठली. गादीसकट फळी वर गेली.

आतली हवा तोंडावर आली ती चुलीचं झाकण काढल्यासारखी. भिंतीवरच्या गोल तापमापकाचा काटा शंभरी ओलांडून गेला होता. वाडग्यांतलं पाणी कोमट. तिनं दाराची कडी आतून काढली आणि उजेड आत पडला. पिकल उंबऱ्याशीच होता, पायांत मोजा, डोळे अर्धे मिटलेले. डचेस पलंगाजवळ कुशीवर पडलेली, जीभ बाहेर, जांभळट.

"माझ्याकडे न्या," डॉइल म्हणाला. "आत अजून गार आहे. एकच एसी चालू करतो." त्यानं डचेसला पोत्यासारखं उचललं आणि त्याच अनवाणी पायांनी खडीवरून पळाला. गेलन पिकलला घेऊन मागं.

डॉइलच्या घरात पांढरा गालिचा होता. त्या गालिच्यावर त्यांनी दोघांना निजवलं आणि बादली बादली पाणी आणून पोटावर, पंज्यांत, मांड्यांच्या सांध्यांत घातलं. लिओटानं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. तिकडची बाई शांत आवाजात म्हणाली, पाणी घालत राहा, बर्फ लावू नका, पंख्याचा वारा द्या. वीस मिनिटांत श्वास खाली आला नाही तर उचलून इकडे आणा, वाटेतही वारा घालत राहा.

पिकल पाच मिनिटांत उठून बसला. डचेस उठेना. डॉइल वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होता, पंखा चालू असतानाही. गेलन गाडीची चावी हातात घेऊन दारात उभा. लिओटा ओल्या गालिच्यावर बसली होती, डचेसचं डोकं मांडीवर. तिची आई वासराला धाप लागली की गोठ्यात बसून काहीतरी गुणगुणायची. शब्द तसेच होते की आता तिनंच जोडले, कोण जाणे:

ऊन सरलं गं बाई, सावली लांब झाली
धन्याची गं तुझ्या गाडी, वळणावर आली

वासरांना काय आणि बुलडॉगला काय, गाण्यातलं कळत नसणार. पण ती गात राहिली आणि ओला हात डचेसच्या मानेवरून फिरवत राहिली. सतराव्या मिनिटाला करवतीचा एक फेरा लांबला. मग आणखी एक. डचेसनं डोळे उघडले, मान वळवली, डॉइलच्या पांढऱ्या गालिच्यावर मनसोक्त ओकली, पाणी प्यायली आणि घोरायला लागली. पिकलनं ते पाहिलं आणि तोंड वर करून लांबलचक हेल काढला. त्या उन्हाळ्यात त्याचं रडणं ऐकून कुणाला बरं वाटलं असेल तर ते त्याच वेळी.

"मॅडम, माझ्यामुळेच झालं हे," डॉइल म्हणाला.

"जागा मी दिली," लिओटा म्हणाली. "आणि गालिचा मी धुऊन देईन."

ऊन कलल्यावर त्यांनी दोघांना बाहेर झाडाखाली आणलं. हार्लनचा एसी पुन्हा दळायला लागला होता. सामान कप्प्यात परत गेलं, फळी बसवली, गादी सारखी केली. गेलन बायकोशेजारी बसला आणि थोडा वेळ टॉवेलची गुंडाळी करत राहिला.

"सांगायलाच हवं का?" तो हळूच म्हणाला. बहिऱ्या माणसाचं हळू म्हणजे चार जागांपर्यंत जाणारं. "कुत्री ठणठणीत आहेत. म्हाताऱ्याची दाढ उपटलीय आज. त्याला आणखी कशाला?"

"त्या डॉक्टरला मी काय म्हटलं होतं, आठवतं?"

"सगळ्या जिल्ह्याला आठवतं."

"मग."

"तो डॉक्टर होडीत होता, लिओ. तू इथं होतीस."

"तेच तर," ती म्हणाली. "मी इथं होते."

हार्लनची गाडी साडेपाचला आली. गाल कालच्या दुप्पट, तोंडात कापसाचा बोळा, ओठ एका बाजूला लोंबलेला. पिकल त्याच्या पायांत घुटमळला. डचेस बसल्या जागेवरून शेपटीच्या त्या बोटभर खुंटानं जमीन झाडत राहिली. ती नेहमी धावून जायची. हार्लन थबकला.

लिओटा उठून उभी राहिली. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं.

"तुझी वीज गेली होती," ती म्हणाली. "तासभर. मला कळलं नाही. मी कान ठेवून बसले होते हार्लन, पण दुसऱ्याच्याच छताला. गेलननं पाणी थांबलेलं बघितलं म्हणून वाचली. नाहीतर मी संध्याकाळपर्यंत शिवत बसले असते." मग तिनं सगळं क्रमानं सांगितलं. डॉइलला दिलेली जागा, लाल दिवा, कप्पा, फळी, चीज. काही गाळलं नाही. "दोन तासांपूर्वी ती उठत नव्हती," हेही सांगितलं.

हार्लन खाली बसला. डचेसचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबला, सोडला, रंग परत कसा येतो ते पाहिलं. पिकलच्या बरगड्यांवर तीन बोटांचा हात ठेवून श्वास मोजला. पुन्हा डचेसची हिरडी. मग डचेसला कवेत घेऊन उठला. पिकल मागं. दार लागलं.

लिओटा खुर्चीत बसली. समोरून जातं ऐकू येत होतं, जड, हलका, आणि आता तिला ते ऐकवत नव्हतं. तीन उन्हाळे ही दोन घरं समोरासमोर. आर्डिस शेवटच्या दिवसांत याच झाडाखाली पाय वर करून बसायची आणि म्हणायची, माझ्यामागं या तिघांना कुणीतरी ओरडणारं हवं. लिओटा ओरडत आली होती. उद्या हार्लन गाडीला ट्रेलर जोडून निघून गेला तर त्याला कुठल्या तोंडानं थांब म्हणणार?

"जेवायला काही करू का?" गेलननं विचारलं.

तिनं नको म्हणून मान हलवली. सावल्या तळ्यापर्यंत गेल्या. डॉइल आपला गालिचा पायऱ्यांवर वाळत घालत होता आणि मुद्दाम इकडे बघत नव्हता.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. हार्लन एका हातात घडीची खुर्ची आणि दुसऱ्या हातात दह्याचा डबा घेऊन उतरला. दातवाल्यानं तेवढंच खायला सांगितलं असावं. खुर्ची त्यानं लिओटाच्या शेजारी मांडली, समोर नव्हे. दोन्ही कुत्री येऊन मधल्या हातभर जागेत पसरली, डचेसची हनुवटी लिओटाच्या चपलेवर. हार्लननं तोंडातला बोळा काढून रुमालात गुंडाळला.

"पुढच्या बुधवारी टाके काढायचेत," तो अर्ध्या ओठानं म्हणाला.

लिओटानं त्याच्याकडे पाहिलं. "किती वाजता?"

"दोनला."

"दोनला?" ती म्हणाली, आणि तिचा तो बसमधला आवाज कुठून कोण जाणे, परत आला. "भर उन्हात? तुला काही कळतं की नाही? सकाळी आठची वेळ मागायची, माणसं थंडाव्यात जातात नि थंडाव्यात परत येतात. थांब, उद्या मीच फोन करून बदलून घेते."

हार्लननं मान डोलावली. हसता येण्यासारखं अर्धंच तोंड शिल्लक होतं, तेवढ्यानं तो हसला, आणि चमच्यावरचं दही डचेसपुढं धरलं.